डोंबिवलीची पिशवी

"पाट जरा भायर सरकव गो, तेंका मांडी घालूक जागो लागता," आई चुलीपुढून ओरडली.

"दर वर्षी पोट वाढता तेंचा," मी म्हटलं. "यंदा दोन पाट जोडूक होये."

"गप ऱ्हव. भाव तो माझो. आनि तुझो मामा."

मी पाट सरकवला. भाऊबीज होती. सकाळचे गोडे फोव, म्हणजे गुळाचे पोहे, होऊन गेले होते आणि आई वड्यांचं पीठ मळून कोंबडीचं वाटप पाट्यावर वाटायला लागली होती. पाटाभोवती रांगोळी काढून मी खळ्यात आले. आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात. खळ्यात उभं राहिलं की समोर गजाकाकाची माडांची पट्टी आणि माडांमधून समुद्र. त्या पट्टीत आठवड्यापूर्वी जांभ्या चिऱ्यांचे दोन मोठे ढीग येऊन पडले होते. आई जाता-येता त्या ढिगांकडे बघायची आणि खूश व्हायची.

"गजाभावजी घर बांधतत बघ," ती आत्ताही दारातून म्हणाली. "शेवटाक गावाची याद इली."

"मगे फोन कित्याक उचलनत नाय?"

"सणाची गडबड आसतली."

गजाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, डोंबिवलीला राहणारा. आजोबांनी जिवंतपणीच वाटण्या करून दिल्या होत्या. घराची जागा बाबांना, पुढची समुद्राकडची पट्टी काकाला. मधे कुंपण नव्हतं. दोन भावांच्या मधे कुंपण कोण घालतो?

आमच्या घरावर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'निवास व न्याहारी'. पडवीच्या अंगाला तीन खोल्या काढलेल्या. पंखे कुरकुरायचे, गाद्यांना खळगे पडले होते, नळाला कधी पाणी तर कधी नुसता आवाज. तरी मुंबई-ठाण्याची माणसं यायची, कारण दारातून निघून खळं ओलांडलं, काकाच्या माडांतून चालत गेलं की पाय थेट वाळूत. समुद्र होता म्हणून लोक बाकी सगळं माफ करायचे. तो काढून घेतला तर आमच्याकडे राहायला कुणी कशाला येईल? हे मला तेव्हाही कळत होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि त्या खोल्यांखेरीज आमच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

पाहुण्यांशी किती सलगी करायची, यावरून आमच्या घरात कायमची धुसफूस. बाबा कमी बोलणारे. त्यांचं एकच सूत्र होतं. "गिऱ्हाईकाक पडवी, सोयऱ्याक माजघर आनि भावाक चूल." आई त्याला भीक घालायची नाही. तिला माणसांचं वेड. पाहुणा आला की तासाभरात त्याची जात-गोत, मुलंबाळं, पित्त आणि सांधेदुखी तिला पाठ, आणि बदल्यात आमच्या घरातली एकूण एक गोष्ट पाहुण्याला पाठ. हातचं राखून बोलणं तिला येतच नव्हतं.

ज्यांच्यासाठी मी पाट सरकवला ते निगुडकर पहिल्या वर्षी आले ते पडवीतच बसले. ठाण्याचे, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा धंदा. बायको दिवाळीला माहेरी इंदूरला जायची, म्हणून हे एकटेच गाडी काढून समुद्रावर. माणूस गोड. जेवणाला मनापासून दाद देणारा, पानातलं सगळं संपवणारा. दोन दिवसांत ते माजघरात आले. तिसऱ्या दिवशी भाऊबीज होती आणि संध्याकाळी आई तबक घेऊन खळ्यात निघाली होती.

"कुणाला ओवाळायला निघालात?" त्यांनी विचारलं.

"चंद्राला," आई म्हणाली. पाहुण्यांशी बोलताना ती तिच्या परीने शुद्ध बोलायची. "मला भाऊ नाही. ज्याला भाऊ नाही त्याने चंद्राला ओवाळायचं असतं."

बीजेची कोर नखाएवढी. सूर्य बुडाल्यावर समुद्राच्या वर जरा वेळ दिसते आणि लगेच खाली उतरते. लहानपणापासून मी आईला त्या कोरीला ओवाळताना बघत आले होते. तबक धरून ती अशी उभी राहायची की खरंच कुणी लांबून येतंय.

निगुडकर खुर्चीतून उठले. "मलाही बहीण नाही हो ताई," ते म्हणाले आणि सरळ पाट ओढून समोर बसले.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्यांना ओवाळलं, त्यांनी तबकात नोट टाकली आणि आई मला म्हणाली, "आता चंद्राक सुट्टी." दुसऱ्या दिवशी निगुडकर चुलीपाशी बसून वडे कसे थापतात ते बघत होते. बाबा दारातून डोकावले आणि माघारी फिरले.

जाताना आईने त्यांच्या गाडीत पिशवी ठेवली.

ही पिशवी कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या गावातून मुंबईच्या दिशेने कुणी निघालं की ते रिकाम्या हाताने जातच नाही. एसटीचा ड्रायव्हर असो की लग्नाला आलेला वऱ्हाडी, त्याच्यापाशी कुणाची तरी पिशवी असतेच. आईच्या पिशवीत कोकमं, कुळथाची पिठी, चार नारळ आणि वर्तमानपत्रात चारपदरी बांधलेले सुके बांगडे. वर डोंबिवलीचा पत्ता, गजाकाकाचा. भाऊ झालेल्या माणसाला पिशवी द्यायला कसला संकोच?

"बांगड्यांचा वास गाडीत महिनाभर राहील ताई," निगुडकर नाक दाबून हसले. पण त्यांनी पिशवी नेली. नुसती नेली नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन काकाच्या दारात पोचवली आणि फोन करून तसं कळवलं. आई दहा जणांना सांगत सुटली. "सख्खो भाव आसतो तर गेलो आसतो काय?"

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. खोलीचं भाडं ते द्यायचे, पण भाऊबीजेच्या दिवसाचं जेवण आई त्यांच्या हिशेबात कधी धरायची नाही. मला ते 'मामा' म्हणायला लावायचे. खरं सांगते, मला ते आवडायचे. मला मामा नव्हता, आणि असला तर असाच गप्पिष्ट असावा असं वाटायचं.

तर त्या भाऊबीजेला दुपारी निगुडकरमामा अंघोळ करून, झब्बा घालून पाटावर बसले. बाबा पडवीत नारळ सोलत होते. आईने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. मग तबक तसंच हातात धरून तिने विचारलं, "भाऊ, तुमचं भावोजींकडे जाणंयेणं असतं. ते घर बांधतायत ना? आम्हाला बोलले नाहीत काही. चिरे मात्र येऊन पडलेत."

निगुडकरांचा चेहरा फुलला.

"तीच तर गंमत आहे ताई. मीच त्यांना सांगितलं होतं, तुम्ही बोलू नका, भाऊबीजेला मी सांगेन." त्यांनी तबकात साडीची घडी ठेवली. "ही ओवाळणी. आणि खरी ओवाळणी ही, की आता आपण शेजारी झालो. ती पट्टी मी घेतली."

आई हसतच होती. हसणं कधी थांबवायचं ते तिला कळेना. "घेतली म्हणजे?"

"विकत घेतली. गणपतीनंतर खरेदीखत झालं. दोन मजले काढतोय, समुद्राकडे तोंड करून खोल्या. खिडक्या सगळ्या माझ्याच कारखान्यातल्या, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे! ही कल्पना तुमच्याच पडवीत बसून सुचली बरं का."

पडवीतला नारळ सोलायचा आवाज थांबला होता. बाबा दारात येऊन उभे राहिले. "आनि वाट?" ते म्हणाले.

"कसली वाट, दादा?"

"वाळूर जावची. आमची माणसां तिकडसून जातत."

"हां, ती वाट." निगुडकरांनी मान हलवली. "कंपाउंड तर घालावंच लागेल हो. उद्या चोरीबिरी झाली तर पाहुणे मला धरणार. तुम्ही रस्त्याने जा की, देवळावरून वळसा घालून. समुद्र काय पळून जातोय?"

मी आईकडे बघत होते. तबकातलं निरांजन जळत होतं आणि तिचा हात थोडा थोडा खाली येत होता.

"आणि ताई, तुमचा विचार मी आधीच करून ठेवलाय," निगुडकर म्हणाले. हे ते अगदी मायेने म्हणाले, ते मला कधी विसरता आलं नाही. "ह्या तीन खोल्यांत कशाला मरताय? माझ्याकडचं स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा. पगार देईन, दोन बायका हाताखाली देईन. असे वडे मला दुसरीकडे कुठे मिळणार? बहिणीला मी वाऱ्यावर सोडेन का?"

"भावोजींशी तुमची एवढी ओळख कधी झाली?" आईने विचारलं. आवाज अगदी साधा.

"अहो, तुमच्याच पिशवीने झाली!" निगुडकर मोकळेपणाने हसले. "पहिल्या वर्षी पिशवी द्यायला गेलो तर चहा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी जेवायलाच थांबवून घेतलं, तुमच्याच बांगड्यांची चटणी होती. मुलाला फ्लॅट घ्यायचा होता त्यांच्या. विषय त्यांनीच काढला हं, मी नाही. नाहीतर कोकणात जमीन घ्यायला मी धजलो असतो का? शंभर वारस निघतात. पण तुम्हीच एकदा सांगितलं होतंत ना, ही पट्टी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, कुणाची सही लागत नाही म्हणून. तेवढ्यावर मी पुढे गेलो."

चुलीवर तेल तापून धूर यायला लागला होता.

आईने तबकातली साडी उचलली आणि निगुडकरांच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, ओवाळणी बहिणीने मागितली तर भाऊ देतो ना?"

"अहो मागा की!"

"साडी नको. वाट द्या. एक माणूस जाईल एवढी. कुंपणाला फाटक लावा, कुलूप तुमचं लावा, पण दिवसा उघडं ठेवा. आमच्याकडे माणसं त्या वाटेसाठी येतात."

निगुडकर पुन्हा हसले, पण ह्या खेपेला जरा अवघडून. "ताई, व्यवहार आणि नातं ह्यांची गल्लत करू नये माणसाने. नातं कुठे जातंय? ते आहेच. वाटेचं आर्किटेक्टशी बोलून बघतो." आणि साडी त्यांनी परत तबकात ठेवली.

ओसरी दिली की पाय पसरतात म्हणतात. इथे तर आम्ही चूल दिली होती.

मला वाटलं, आता आई त्यांना उठवेल. माझ्या हातात गरम वड्यांचं ताट होतं आणि ते त्यांच्या डोक्यावर पालथं घालायला माझे हात शिवशिवत होते. आईने डोळ्यांनीच मला दटावलं. ओवाळलेल्या माणसाला पाटावरून उपाशी उठवत नाहीत. तिने तबक देवापुढे ठेवलं आणि पान वाढलं. निगुडकर जेवले. सावकाश, दाद देत जेवले. तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेताना म्हणाले, "कोंबडी यंदा किंचित खारट झालीय का ताई?"

"झाली असेल," आई म्हणाली.

संध्याकाळी निगुडकर आपल्या चिऱ्यांच्या ढिगांमधून फिरत होते, हात पाठीमागे बांधून. आई उंबऱ्यावर बसली होती. बाबा तिच्याजवळ येऊन बसले, जे ते कधी करत नसत. मला वाटलं, आता बोलतील तिला. पडवी, माजघर आणि चूल सगळं काढतील. बोलायचा हक्क होता त्यांना.

"माजीच चूक झाली," आई म्हणाली. "तोंडाक कुलूप नाय माज्या."

"माज्या भावान विकल्यान," बाबा म्हणाले, "तुज्या भावान घेतल्यान. तुका एकटीक कित्याक बोलू?"

गजाकाकाला बाबांनी पुन्हा फोन केला नाही. काकाने तर बाबांचं तेरावं झाल्यावर तोंड दाखवलं, पण ती नंतरची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी निगुडकर निघाले. बॅग ठेवून त्यांनी गाडीची डिकी उघडीच ठेवली आणि आईकडे वळले.

"ताई, डोंबिवलीची पिशवी? डिकीत जागा आहे हं."

पुढे कितीतरी वर्षं मी त्या वाक्याचा विचार केला. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी ते सरळ मनाने विचारलं होतं. त्यांच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. केसाने गळा कापणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण गळा कापतोय.

आई त्यांच्याशी पहिल्यांदाच मालवणीत बोलली. "नको. तेंका आता हयला कायच गोड लागूचा नाय."

निगुडकरांना ते नीट कळलं नसावं. "बरं बरं," म्हणून हात हलवून ते गेले.

माड पावसाच्या आधी पडले. पुढच्या दिवाळीपर्यंत दोन मजले उभे राहिले. किनाऱ्यावर बांधायला कायदे आडवे येतात असं ऐकून होतो, ते कुणाच्या आडवे येतात कोण जाणे. आर्किटेक्टला वाट काही सापडली नाही. आमच्या खळ्यासमोर चिऱ्यांची उंच भिंत आली आणि भिंतीच्या वर त्यांच्या इमारतीची मागची बाजू, पाण्याच्या टाक्या, नळ आणि दोन्ही टोकांना बाहेर काढलेल्या गॅलऱ्या. त्या दिवाळीत आमच्याकडे दोन कुटुंबं आली. एक कुटुंब खळ्यात उभं राहून "समुद्र कुठे आहे?" म्हणालं आणि सामान न उतरवताच गेलं. दुसरं आदल्या वर्षीचं ओळखीचं होतं, ते भिडेखातर एक रात्र राहिलं.

त्या खोल्या आज मी चालवते. आता मी पंचेचाळिशीला आले. रस्त्याने जाणारे ट्रकवाले, औषधकंपन्यांचे विक्रेते, असे लोक एका रात्रीपुरते उतरतात. पडवीच्या आत मी कुणाला घेत नाही. कुणी 'ताई' म्हटलं तर चहा हवा की कॉफी एवढंच विचारते. मालकीणबाई तुसड्या आहेत, असं लोक नेटवर लिहितात. असेन.

भिंत आली त्या वर्षी भाऊबीजेला निगुडकर आले नाहीत. इमारतीचं उद्घाटन होऊन गेलं होतं आणि धंद्याच्या दिवसांत त्यांना सवड नव्हती. त्यांच्या मॅनेजरच्या हातून मिठाईचा खोका आला. आईने तो उघडला नाही.

सूर्य मावळल्यावर ती तबक घेऊन खळ्यात आली. मी तिच्या मागे होते. तिने पदर सारखा केला, निरांजनाला हाताचा आडोसा केला आणि वर बघितलं.

"चंद्र खंय गो?"

समोर भिंत होती आणि भिंतीवर त्यांचे दोन मजले. बीजेची कोर तेवढी वर कधी चढतच नाही.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एका बाईचा आवाज आला. ती कडेवरच्या मुलाला काहीतरी दाखवत होती. "तो बघ चांदोमामा! तिकडे, बोटीच्या वर. केवढीशी कोर आहे बघ!"

"आई, रस्त्यार जावया," मी म्हटलं. "देवळाकडसून दिसतलो."

"नको गो." ती भिंतीकडे बघत राहिली. "ज्येका भाव नाय तेना चंद्राक ओवाळूचा. माका आसा मा भाव. ह्यो काय, दोन माळ्यांचो."

आणि तिने तबक वर उचलून त्या भिंतीला ओवाळायला सुरुवात केली. सावकाश, रीतीप्रमाणे, अंगठी आणि सुपारीसकट. मला तिला थांबवायचं होतं.

वरून लख्खकन उजेड पडला. गॅलरीतल्या बाईने फोटो काढला होता.

"ओ मावशी!" ती वाकून खाली ओरडली. आवाज गोड होता, निगुडकरांच्या पहिल्या वर्षीच्या आवाजासारखा. "किती छान दिसतंय हो! फोटो हलला माझा. परत एकदा कराल का, प्लीज?"

पाहुण्याला नाही म्हणायचं आईला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तिने परत एकदा ओवाळलं.